बेल्लद की गुळवे

“एवढ्या दिसांत देऊळ हुबं ऱ्हायलं असतं. ह्यांची एक पाटी हुईना.”

शिवम्मा हे कुणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. मांडीवरच्या पिशवीला सांगत होत्या. पण माझ्या दुकानात गिऱ्हाइकाचा बाक आणि माझी खुर्ची ह्यांत हातभर अंतर, त्यामुळं माणसं स्वतःशी जे बोलतात ते मला ऐकावंच लागतं. ऐकलं नाही असं दाखवायला मी मशीनकडं बघत राहिले. मशीन बंद होतं.

शाहूपुरीत माझं घरांच्या पाट्यांचं दुकान आहे. आमचे हे ब्रशनं पाट्या लिहायचे. ते गेल्यावर मी अक्षरं कापायचं मशीन घेतलं आणि मोबाईलवर बघून बघून शिकले. दहावीला दोनदा बसले आणि दोनदा उठले, एवढंच माझं शिक्षण. मशीनला ते चालतं.

दुकानाचा एक नियम मात्र ह्यांच्या वेळेपासूनचा. पाटीवर ज्याचं नाव येणार, त्यानं ते आपल्या हातानं कागदावर लिहून द्यायचं. ह्याला कारण पिराजी नावाचं एक गिऱ्हाईक. त्यानं धाकट्या भावाला वगळून पाटी करून नेली, आणि दुसऱ्या दिवशी ती दोन तुकड्यांत आमच्या पायरीवर आली. सोबत धाकटा भाऊ होताच. तेव्हापासून कागद.

त्या कागदांनीच मला आडनावांचा नाद लावला. कागद हातात आला की मी अर्थ विचारते आणि वहीत लिहून ठेवते. कुणाला माहीत नसला तर शोधते. चिटणीस, पोतनीस ह्यांतला ‘नीस’ फारसीतला, म्हणजे लिहिणारा. आपल्याकडचा लोहार सीमेपलीकडं कन्नडात कंबार होतो, अरबांच्यात हद्दाद, हंगेरीत कोवाच आणि विलायतेत स्मिथ. जगात जिथं जिथं गाव वसलं तिथं एक लोहार लागला, आणि गावानं त्याच्या पोरांना, नातवांना तेच नाव चिकटवलं, मग ती पोरं बँकेत कारकून का होईनात.

हे मी शिवम्मांच्या नवऱ्याला, गुरुसिद्धअप्पांना, पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हा ते खूश झाले होते. शिरोली एमआयडीसीत एकतीस वर्षं त्यांनी फाउंड्रीत साचे भरले. म्हणाले, मग तर आम्हीच खरं लोहार, आमचं गुळवे खोटंच.

ते खोटंच होतं म्हणा. अप्पांचे आजोबा संकेश्वराकडून कोल्हापूरच्या गुळाच्या पेठेत आले ते बेल्लद म्हणून. कन्नडात बेल्ल म्हणजे गूळ. घरात कन्नड, दारात मराठी, असं त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. अप्पांना पहिलीत घालायला त्यांचे वडील घेऊन गेले, तर गुरुजींना बेल्लद म्हणता येईना. अर्थ काय म्हणून त्यांनी विचारलं. गूळ, असं कळल्यावर, पोराला जन्मभर सोपं जाईल, म्हणत गुरुजींनी हजेरीत गुळवे लिहून टाकलं. माणसानं चांगल्या मनानं केलेलं काम निस्तरायला तीन पिढ्या जातात. बापाच्या कागदावर बेल्लद, पोराच्या कागदावर गुळवे, आणि रेशनकार्डावर दोन्ही.

तरी साठ वर्षं गुळवे नावावर सगळं सुरळीत चाललं होतं. सून आणली ती निपाणीच्या अंगडींची, भूमिका. अंगडी म्हणजे दुकान. लग्नात अप्पा म्हणे सगळ्या पावण्यांना सांगत होते, दुकानातनं गूळ आणत्यात, आम्ही गुळानं दुकान आणलं. हे भूमिकानंच मला सांगितलं. सांगताना हसली होती.

भूमिका दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला. यंदा तिनंच पुढं होऊन घर रंगवून घेतलं, दार बदललं. जुनी पत्र्याची पाटी गंजलेली, ती परत लावायची नाही असं ठरलं आणि ही मंडळी माझ्याकडं आली.

पहिल्या शनिवारी ठरलं, गुळवे. दुसऱ्या शनिवारी अप्पा एकटेच आले, बेल्लद करा म्हणाले. मूळ नाव ते मूळ नाव, आपण का लपवायचं, असं बरंच बोलले. तिसऱ्या शनिवारी दोन्ही आडनावं एका पाटीत बसतात का, विचारून गेले. बसतात की, मी म्हटलं, पण मग पोस्टमन दोन दारं शोधील.

मूळ नावाचा हा उमाळा कुठनं आला ते मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांचा मुलगा सोमेश चार वर्षांपूर्वी नोकरीला बेंगळुरूला गेला. आधी महिन्यातनं एकदा यायचा, मग सणाला, मग सणाला फोन. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिकडं रीतसर नाव बदलून सोमेश बेल्लद करून घेतलं. तिकडं त्यानं दुसरा संसार मांडलाय, हे पिठाच्या गिरणीपर्यंत पोचलेलं होतं. पोचलं नव्हतं ते फक्त गुळव्यांच्या घरात. म्हणजे पोचलेलं होतं, पण कुणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं. सोमेशचा विषय निघाला की अप्पा म्हणायचे, कामाचा लोड हाय. शिवम्मा चहा टाकायला उठायच्या. भूमिका कपबशा काढायची. तिघं मिळून त्या लोडाखाली दोन वर्षं वाकून उभी होती.

गेल्या बुधवारी भूमिका दुपारच्या सुट्टीत एकटी आली. बेल्लद आणि गुळवेमध्ये काय फरक पडतो, दोन्ही गूळच की, असं मी गमतीनं म्हणाले. ती बाकावर बसली आणि माझी वही चाळायला लागली.

“काकू, लग्न झालं तेव्हा मी अंगडीची गुळवे झाले,” ती म्हणाली. “माझे सगळे कागद गुळवे. यांनी नाव बदललं तेव्हा मला विचारलंसुद्धा नाही. आता अप्पांना दारावर बेल्लद पाहिजे, कारण हे आले तर त्यांना आपलं नाव दिसलं पाहिजे. मग त्या दारातनं आत जाणारी मी कोण?”

मी वही तिच्याकडनं घेतली. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, चीनमध्ये बाई लग्नानंतरही बापाचंच आडनाव लावते.

“मग तिकडं सुनेचं नाव दारावर कसं लावतात?”

मी वही मिटली.

मग ती बाकीचं बोलली. तिचा भाऊ दोन वर्षं मागं लागलाय, निपाणीला चल. ह्या रविवारी तो गाडी घेऊनच येणार होता. पोर नाही, नवरा नाही, कशासाठी थांबलीस, असं त्यानं फोनवर विचारलं. अव्वांच्या, म्हणजे सासूच्या, गुडघ्यांसाठी आणि अप्पांच्या बीपीच्या गोळ्यांसाठी, असं ती त्याला म्हणू शकली नाही. तो हसला असता. तिनं मनाशी ठरवलेलं असं, की पाटीवर तिचं नाव तिचं म्हणून आलं तर राहायचं. सोमेशच्या खाली सौ. होऊन लटकायचं असेल, तर निपाणी बरी. हे तिनं घरात सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे सोमेशचं नाव घ्यावं लागलं असतं.

मी म्हटलं, शनिवारी तिघंही या. कागद घेऊन टाकू.

तर हा तो चौथा शनिवार. शिवम्मा पिशवीशी बोलत होत्या, भूमिका दाराशी उभी होती, आणि अप्पा काउंटरवर वाकून नाव लिहीत होते. साचे भरणाऱ्या माणसाचं अक्षर, प्रत्येक रेघ दाबून बसवलेली. गुरुसिद्ध शिवलिंग बेल्लद. शेवटी बेल्लदच आलं. त्यांनी कागद शिवम्मांपुढं सरकवला. शिवम्मांना लिहायचं येतं ते कन्नडात, शाळा तिकडची. त्यांनी गोल गोल अक्षरांत नुसतं शिवम्मा लिहिलं, आडनाव लिहिलंच नाही, आणि मला विचारलं, हे तुझं मशीन कापतं का. मी म्हटलं, मशीनला भाषा नसते अव्वा, कापतं.

आता भूमिकाची पाळी. माझ्या डब्यातलं पेन घेऊन ती पुढं आली. पण अप्पांनी कागद परत आपल्याकडं ओढला आणि दोन्ही नावांच्या वर मोकळी सोडलेली जागा होती तिथं, त्याच दाबलेल्या अक्षरात लिहिलं, सोमेश गुरुसिद्ध बेल्लद. त्याच्या खाली बारीक लिहिलं, सौ. भूमिका.

आणि इथं मी चुकले. किंवा नाही चुकले, मला अजून कळलेलं नाही. वीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला जे सांगते, तेच सवयीनं तोंडातनं गेलं.

“अप्पा, ज्याचं त्यानं लिहायचं असतं. सोमेशला कागदावर लिहून फोटो पाठवायला सांगा, चालतंय. दुसऱ्याच्या हातानं आपण फक्त गेलेल्या माणसाचं घेतो.”

बोलले आणि जीभ चावली. 

अप्पांनी खिशातनं फोन काढला. चष्मा पुसला. नंबर शोधला, सापडला, तरी लावला नाही. आता मीटिंगमध्ये असंल, म्हणाले. त्याला कामाचा लोड हाय. असं करू, दिवाळीला येईल तेव्हा त्याच्या हातानंच लिहून घेऊ, तवर पाटी थांबवू. त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली.

भूमिकानं हातातल्या पेनाला टोपण लावलं. ते तिनं अगदी सावकाश माझ्या डब्यात परत ठेवलं.

“बरं अप्पा. दिवाळीलाच बघा,” ती म्हणाली, आणि पर्स खांद्याला लावली.

त्या ‘बघा’त ती नव्हती, हे अप्पांना कळलं नाही. मला कळलं, कारण मला रविवार माहीत होता. बाकावरच्या बाईला रविवार माहीत नव्हता, पण तिनं मान वर करून सुनेकडं पाहिलं.  मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, काउंटरपाशी आली आणि नवऱ्याच्या हातातली घडी काढून घेतली. ती उलगडून माझ्या टेबलावर सपाट केली, तळहातानं दोनदा.

“सोमेश येणार न्हाय,” शिवम्मा म्हणाल्या.

अप्पा म्हणाले, कामाचा… आणि थांबले, कारण शिवम्मा थांबल्या नव्हत्या.

“दिवाळीला न्हाय, शिमग्याला न्हाय. तिकडं त्यानं घर केलंय, बाई केलीया. मला ठावं हाय, तुमास्नी ठावं हाय, हिलाबी ठावं हाय. ह्या पाटीवालीलाबी ठावं हाय, बघा कशी खाली बघतीया.” मी खरंच खाली बघत होते. “जित्या माणसाचं नाव त्यानं लिवायचं, गेल्याचं आपण. ह्याचं कुणी लिवायचं न्हाय. पोटचं हाय म्हणून दोन वरसं मी त्वांड उघडलं न्हाय. पन त्याच्यासाठी दार सांभाळत बसलो तर ही बी जाईल, आनि मग पाटी कुनासाठी लावायची?”

मग त्यांनी डब्यातनं पेन काढलं, टोपण दातांनी ओढलं, अप्पांनी वर लिहिलेलं खोडलं आणि पेन भूमिकापुढं धरलं. दारातनं अर्धी बाहेर गेलेली भूमिका.

“ये गं. तुला जे आडनाव पायजे ते लिव. पन आमच्या वर लिव.”