नमवलेला हात

चढाईच्या भिंतीखाली त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि भिंतीवर मात्र चिटपाखरू नव्हतं. सगळे हस्तगुरूंभोवती कोंडाळं करून बसले होते. मधोमध होती पाल. भिंतीला चिकटून राहते म्हणून पोरीला हे नाव पडलेलं, आणि तिला ते आवडायचंही.

तीन आठवड्यांपूर्वी एका बारीक खाचेवर लटकताना तिच्या अनामिकेतून 'टक्' असा आवाज आला होता. बोट वाकवणारी दोरीसारखी शीर हाडाशी धरून ठेवणारा पट्टा फाटला होता. मागच्या खोलीतल्या फिजिओबाई म्हणाल्या होत्या, नऊ आठवडे भिंत बंद. निवड चाचणी तर परवावर आलेली. मग आईनेच कुठून तरी, तेल आणि फुंकरीने हात बरे करणाऱ्या या हस्तगुरूंना शोधून काढलं.

"हात नमवा," हस्तगुरू म्हणाले. पकड मोजायचा काटा पालीच्या मुठीत देऊन त्यांनी तिचं मनगट आतल्या बाजूला पार वाकवलं. "अहंकार खाली. आता दाबा."

काटा अकरा किलोवर अडकला. लोक हळहळले. गुरूंनी बोटाला तेल चोळलं, डोळे मिटून तीनदा फुंकर मारली आणि मनगट सरळ करून जरासं वर उचललं. "आता निर्भय व्हा. दाबा."

सव्वीस.

टाळ्यांचा कडकडाट झाला. इथे प्रत्येकाच्या पकडीचा आकडा फळ्यावर लिहिलेला असे, आणि या मंडळींचा स्वतःच्या हाडामांसापेक्षा त्या आकड्यावर जास्त भरवसा. कोच सरांनी लगेच पालीच्या नावापुढे २६ लिहून टाकले.

"काटा खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "चल, बूट घाल. चढून दाखव."

"सर, दुखतंय अजून."

"ते दुखणं नव्हे, ती शंका," गुरू गोड हसले. "शंका गेली की दुखणं गेलं."

झालं, तोंड उघडायची सोयच राहिली नाही. दुखतंय म्हणावं तर मनात पाप, गप्प बसावं तर बोट कायमचं जाणार. तिने आईकडे पाहिलं. आई हात जोडून बसली होती. "ऐक गं बाळा, माझ्यासाठी," ती म्हणाली. एवढी भीती पालीला भिंतीच्या टोकावरही कधी वाटली नव्हती. तिने बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"माझा काटा कोणी उचलला?" फिजिओबाई दारात उभ्या होत्या. कोणीतरी त्यांना चमत्कार सांगितला. बाईंनी फळा पाहिला, तेलाची बाटली पाहिली आणि काटा सरांच्या हातात दिला.

"सर, तुमचा आकडा बावन्न. बोटं धड आहेत ना? हात नमवा बघू. अजून. हं, दाबा."

सरांनी दातओठ खाऊन दाबलं. एकवीस. बाईंनी त्यांचं मनगट वर केलं. बावन्न.

"तेल नाही, फुंकर नाही," बाई म्हणाल्या. "बोटं आवळणारे स्नायू कोपराखाली असतात, त्यांच्या शिरा मनगटावरून बोटांत जातात. मनगट आत वाकवलं की त्या ढिल्या पडतात आणि जोर लागत नाही. काटा खरं तेच बोलला, सर. लबाडी मनगटात होती. आणि हिचे सव्वीस मागच्या मंगळवारीही सव्वीसच होते, माझ्या वहीत आहेत. दुसऱ्या, धड हाताचे अडतीस आहेत."

"बाईंनी सरांची ऊर्जा खेचून घेतली," गुरू म्हणाले.

"मग तुम्ही दाबा. नमवून."

गुरूंना तेवढ्यात दुसऱ्या भक्ताची आठवण झाली. घाईत तेलाची बाटलीही राहिली.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका," बाई गर्दीला म्हणाल्या. "मनगट आत वाकवा आणि मूठ आवळून बघा. कोणी चमत्कार दाखवला की आधी एवढंच विचारा, पहिल्या वेळी आणि दुसऱ्या वेळी काय काय बदललं?"

सरांनी फळ्यावरचे २६ पुसले. चाचणी हुकणार ती हुकणारच होती. पालीला रडू आलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

आई अजून जमिनीवरच होती. जोडलेले हात सोडून तिने एक मनगट आत वाकवलं आणि मूठ आवळून पाहिली. मूठ नीट मिटेना. मग दुसऱ्या हाताने केलं. तेच.

"मी तुला चढवलं असतं गं," ती म्हणाली, आणि पुढे सरकून पालीच्या बुटाची नाडी सोडू लागली.