‘घड्याळ्या’ गाणारा मच्छिंद्र

चैत्रातलं दुपारचं ऊन पत्र्याच्या शेडवरून घसरत खाली यायचं आणि कारखान्यामागच्या कडुनिंबाच्या विरळ सावलीशी येऊन थांबायचं, तेव्हा त्या सावलीतून एक आवाज उठायचा: कोरडा, घोगरा, खडीच्या ढिगातून फावडं ओढावं तसा. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. मच्छिंद्र घाईघाईने डबा रिकामा करायचा, तोच डबा मांडीवर पालथा घालायचा, बोटांनी त्यावर ताल धरायचा आणि डोळे मिटून बोलू लागायचा. आम्ही सात-आठ जण भोवती बसलेलो असायचो. त्याचे शब्द एकामागून एक असे यायचे, की एकाचा अर्थ लागेपर्यंत दुसरा अंगावर आदळलेला असायचा. पुढे गावोगावची पोरं त्याला ‘खडी’ म्हणून ओळखू लागली; ते नाव त्या सावलीतच पडलं.

तो पाथर्डीच्या पूर्वेकडचा. दिवाळी सरली की त्याचे आईवडील ऊसतोडीला बाहेर पडायचे आणि उन्हाळ्यात परतायचे; तोवर तो चुलत्याकडे. इतकं भराभर बोलायला कुठे शिकलास, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “लहानपनी घरात ऐकायला कुनी न्हवतं. मी भिताडाशी बोलायचो. भिताड मधी बोलत न्हाई, म्हनून मला थांबायची सवयच लागली न्हाई.” हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेशही नव्हता. एखाद्याने आपल्या शाळेचं नाव सांगावं, तसं त्याने ते सांगितलं.

रॅप आम्हाला मोबाईलवरून ठाऊक होता. हिंदीतला, इंग्रजीतला, लांबच्या शहरांतला. पण ‘हाय’ आणि ‘न्हाई’च्या बोलीत, आमच्याच प्रेस-शॉपच्या धडधडीवर कुणी तो म्हणू शकेल, हे आमच्या कल्पनेतही नव्हतं. मच्छिंद्र पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर कंत्राटी कामगार होता, मी, अरुण, तपासणीच्या टेबलावर. आमच्यावर सुपरवायझर होते देशमाने साहेब. करड्या रंगाचा सफारी, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, मितभाषी, आणि दर थोड्या वेळाने मनगटाकडे वळणारी नजर. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून ते खाली हातवारे करत. बोलायचं झालं तर जिन्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये. माझं टेबल त्या केबिनला लागूनच होतं. देशमाने साहेब बोलताना, विशेषतः ‘म’वर, अडखळतात, हे त्यामुळे मला माहीत होतं, खालच्या पोरांना नव्हतं.

त्या हिवाळ्यात मच्छिंद्रच्या वडिलांचा पाय उसाच्या गाडीखाली आला. निरोप मिळताच तो रजा मागायला केबिनमध्ये गेला. माल त्याच आठवड्यात पाठवायचा होता. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात पोचला तेव्हा वडिलांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. पाय वाचला, पण कायमचा आखडला. परत आल्यावर आठवडाभर मच्छिंद्रने डब्यावर बोट ठेवलं नाही. मग एका दुपारी त्याने ते गाणं म्हटलं:

“घड्याळ्या रं घड्याळ्या, काटा दिसतो, मानूस न्हाई
मनगटावर येळ तुझ्या, मनामंदी येळ न्हाई”

गाणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणून जड होतं; संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. तेव्हा मी पुढे सरकलो. मी त्याला सांगितलं, “अरे, साहेब तोतरं बोलतात. ‘म’ आला की अडकतात. त्याचाच ठेका कर.” त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग बोटं डब्यावर उतरली: “म-म-म-मशीन चालू, म-म-म-मानूस बंद.” सावली हसण्याने फुटली. दुसऱ्या दिवशी तीच ओळ शेडभर पसरली होती. त्या गाण्यातला संताप मच्छिंद्रचा होता. चेष्टा माझी होती. लोकांनी उचलली ती चेष्टा.

देशमाने साहेब कुणाला एक शब्दही बोलले नाहीत. खरंच, एक शब्दही नाही. त्या दिवसापासून त्यांनी केबिनमध्येसुद्धा बोलणं सोडलं आणि सूचना चिठ्ठ्यांवर लिहून द्यायला सुरुवात केली. अक्षर वळणदार होतं. आम्ही त्यालाही हसलो.

कुणीतरी ते गाणं मोबाईलवर टिपलं, कुणीतरी त्याला चाल-बीट चढवली, आणि पाहता पाहता ‘घड्याळ्या’ आमच्या हातातून निघून गेलं. मच्छिंद्रने नोकरी सोडली. कॉलेजांची स्नेहसंमेलनं, गणपतीतले कार्यक्रम, मग पुणं, मुंबई. मी सुरुवातीला दोन-चार कार्यक्रमांना गेलो. समोर उड्या मारणाऱ्या पोरांनी पॉवर प्रेस कधी पाहिला नव्हता, ऊसतोड पुस्तकात वाचली असेल तेवढीच. वडिलांचं कडवं आलं की ती आपापसात बोलू लागायची आणि ‘म-म-म’ आलं की आकाश दणाणायचं. मच्छिंद्रच्याही ते लक्षात आलं. मग त्याने वडिलांचं कडवं आधी आखूड केलं आणि पुढे गाळूनच टाकलं. त्याचं ‘हाय’ मंचावर ‘आहे’ झालं. त्याच्या देहाला एक सरावाची बेफिकिरी आली. संताप आता ठरलेल्या ठिकाणी यायचा, जसा गाडीचा हॉर्न ठरलेल्या वळणावर.

वर्षं गेली. त्याच्यासमोर उड्या मारलेल्यांची लग्नं झाली, पोटं सुटली, ते ईएमआयच्या आणि शाळांच्या गोष्टी बोलू लागले. नवी पोरं आली, ती त्याच्याहून भरधाव म्हणू लागली, गाड्यांची आणि स्वतःच्या नावाची गाणी. ‘खडी’ जुना झाला. पण ‘घड्याळ्या’ जुनं झालं नाही; त्या ठेक्यावर लोक आपापले व्हिडिओ करत राहिले. देशमाने साहेब निवृत्त झाले आणि जाताना त्यांनी सुपरवायझरच्या जागेसाठी माझं नाव सुचवलं. काचेच्या केबिनमध्ये मी बसू लागलो. नव्या पोरांची रजा मीही कधी नाकारली; नाकारताना घड्याळाकडे बघायचं टाळलं, एवढाच फरक.

मग एका संध्याकाळी मच्छिंद्रचा फोन आला. आवाज ओळखू येईना. एका कॉलेजातला कार्यक्रम आटोपून तो बाहेर पडत होता, तेव्हा एक मुलगी सही घ्यायला आली होती.

“म्हनली, मला तुमची गानी आवडत्यात. लई अडखळत बोलत हुती, आरून. म्हनली, फकस्त ‘घड्याळ्या’ लागलं की वर्गातली समदी माझ्याकडं बगत्यात. तक्रार करत न्हवती. हसून सांगत हुती.”

मी मोबाईल कानाशी घट्ट धरला.

“तिचं हसू लई वाईट हुतं रं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्याने ते गाणं बंद केलं. आयोजक नाराज झाले, बोलावणी घटली. तो संथ झाला. नवी गाणी लिहिली, त्यांत दोन शब्दांमध्ये जागा असायची: आखडलेल्या पायाने अंगणात येरझारा घालणाऱ्या वडिलांचं एक, कुलूप लावलेल्या घरांच्या गावाचं एक. मला ती पूर्वीच्या कुठल्याही गाण्याहून चांगली वाटली. ऐकणारे थोडे होते.

गेल्या हिवाळ्यात इथे नगरमध्येच त्याचा कार्यक्रम ठेवला होता, जुन्या चाहत्यांनीच. सभागृहात खुर्च्या होत्या. पूर्वी उभे राहणारे आता बसले होते, शेजारी बायका, मांडीवर लेकरं. त्याने नवी गाणी म्हटली, लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. शेवटी मागून आरोळी आली, “घड्याळ्या!” मग सगळीकडून. तो नको म्हणत राहिला. अखेर त्याने माईक उचलला आणि कित्येक वर्षांनी ते गाणं मुळापासून धरलं, वडिलांच्या गाळलेल्या कडव्यासह, ‘हाय-न्हाई’सह. सभागृह शांत झालं. आणि ती ओळ आली तेव्हा तो थांबला. माईक खाली घेतला. बीट तेवढं वाजत राहिलं. त्याला वाटलं असावं, रिकामी जागा पाहून लोकांना कळेल.

लोकांनी ती भरली. वयस्क, पोक्त, लेकुरवाळी माणसं एका सुरात ओरडली, “म-म-म-मशीन चालू, म-म-म-मानूस बंद!” लहान मुलंही ओरडली. एकदा नाही, चारदा. मच्छिंद्र प्रखर प्रकाशात हात लोंबकळत सोडून उभा होता, आपल्याच दारात परका ठरलेल्या माणसासारखा. आणि माझे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. “केडगावला जाऊ. सायबाचं घर तुला म्हाईत हाय,” एवढंच म्हणाला.

देशमाने साहेब ओट्यावर पेपर वाचत होते. केस पूर्ण पांढरे, चष्मा त्याच दोरीचा. त्यांच्या पत्नीने चहा आणला. मच्छिंद्र खुर्चीवर बसला नाही. म्हणाला, “सायेब, त्या गान्यासाठी आलोय. माफी मागायला.”

साहेबांनी पेपरची घडी घातली. बोलायला वेळ लागला. “म-मच्छिंद्र, गाणं चांगलं होतं. रजा द्यायला ह-हवी होती. माल दोन दिवस उशिरा गेला असता तर काही बिघडलं नसतं. मी नंतर पुष्कळदा हि-हिशेब केला.” मग थोडं थांबून, “पा-पाय कसा आहे वडिलांचा?”

“चालत्यात. काठी घेऊन.”

मच्छिंद्र पुढे वाकून त्यांच्या पाया पडला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. सगळा दोष त्याने स्वतःकडे घेतला होता, आणि मी गप्प राहिलो असतो तर तो तसाच राहिला असता. चहा निवत होता. मी म्हणालो, “साहेब, तुमच्या बोलण्याची ती ओळ माझी होती. मीच त्याला सांगितली.”

देशमाने साहेबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “म-माहीत आहे. खाली म-माझा आवाज कुणाला ऐकू येत होता? के-केबिनशेजारी तूच होतास.”

“माहीत होतं? तरी तुम्ही माझं नाव सुचवलंत?”

“तपासणी चो-चोख करायचास,” ते म्हणाले, आणि पत्नीला चहा पुन्हा गरम करायला सांगितलं.

परतताना पुणे रस्त्यावर ट्रक जात होते. बसस्टॉपवर मच्छिंद्र माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. इतका वेळ न बोलता राहिलेला मच्छिंद्र मी पहिल्यांदाच पाहिला.

आता त्याच्या कार्यक्रमांना तीस-चाळीस माणसं येतात. एखाद्या शाळेचा वर्ग, कुणाच्या घरावरची गच्ची. कुणी खोकलं तर तो थांबतो, खोकला संपू देतो, मग पुढे जातो. गर्दीची आठवण येते का, असं मी विचारलं, तर म्हणाला, “येती की. पन ही मानसं ऐकत्यात.”

देशमाने साहेब यंदाच्या श्रावणात गेले. कारखान्यात नवी कंत्राटी पोरं आली आहेत; जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या मोबाईलवर अधूनमधून ‘घड्याळ्या’ लागतं, आणि ती माझ्या केबिनकडे बघून हसतात. मी त्यांना थांबवत नाही. गेलेल्या माणसाचा चेहरा फोटोत राहतो आणि आवाज सगळ्यांत आधी पुसला जातो, असा माझा समज होता. साहेबांच्या आवाजाचं तसं झालं नाही. तो त्यांना कधीही न भेटलेल्या पोरांच्या तोंडी फिरतो आहे. आणि तो खरा कसा होता, ‘म’च्या आधी ते किती वेळ थांबायचे, आणि थांबून शेवटी किती मऊपणे बोलायचे, हे त्यांच्या घरची माणसं सोडली तर सांगू शकणारे आम्ही दोघेच उरलो आहोत.