रामाच्या नावाचा ओटा

मी ब्राह्मणपारा नावाच्या वस्तीतला एक जुना दगडी ओटा आहे. मित्रांनो, माझे दगड बैलगाडीने आले, चुन्यात बसले आणि पहिल्याच रामनवमीला माझ्यावर कीर्तन उभे राहिले. बुवांच्या पायांचा ताल, झांजांचा नाद, आख्यान ऐकता ऐकता पेंगलेली पोरे, सारे मी अंगावर घेतले. "काय ऐसपैस ओटा आहे!" म्हणत लोक मला थोपटत. पुढे कीर्तने सभागृहात गेली आणि माझ्यावर स्कूटर चढू लागल्या.

एक रीत मात्र टिकली. रामनवमीला घरधनी माझ्यावर पळीभर पाणी सोडून म्हणतो, "रामा, ओटा तुझा. आम्ही नुसते राखणदार."

यंदा घरधनी दिवाकररावांनी मला फोडायचे ठरवले. लेक देवश्री हिला शिलाईचे दुकान काढायचे होते, रस्त्यावर शटर हवे होते. पण ही जुनी गल्ली आता जतनाच्या कायद्यात आली आहे, म्हणून यशदीप नावाचे अधिकारी पाहणीला आले.

"मालक मीच," दिवाकरराव म्हणाले.

"घराचे हव," त्यांच्या पत्नी रमाबाई दारातून म्हणाल्या. "पण ओटा तर रामनवमीले रामाले देऊन राहिले होते तुम्ही!"

"अवं, ती म्हणायची रीत आहे!"

"काहून? देवासमोर खोटं बोलून राहिले होते काय?"

यशदीप हसले नाहीत. त्यांनी कायद्यातली व्याख्या वाचली. मालक म्हणजे ज्याच्या नावावर मालमत्ता आहे तो. पण ती देवाला अर्पण केलेली असेल, तर मालक तो देव. त्याच्या वतीने सांभाळणाऱ्याने डागडुजी करावी, पाडू नये.

"अर्पण तोंडी असलं तरी चालतं, काका. तुम्ही सांगाल तेच लिहितो."

"बाबा, बोल दो ना कि वो सिर्फ रस्म थी," देवश्री म्हणाली.

दिवाकररावांनी माझ्या दगडांवरून हात फिरवला.

"लिहा, रामाचा," ते म्हणाले. "आता रामजीची सही मागू नका म्हणजे झालं."

देवश्रीने धुसफुसत शटरवाल्याला नको म्हणून कळवले. मग तिने पुढच्या खोलीतच मशीन मांडले. शटर नाही, म्हणून गिऱ्हाईक कमी येते. जे येते ते माझ्यावर बसून वाट पाहते.

मित्रांनो, कायद्याने माझा मालक ठरवला, पण माझ्यावर गुटख्याची पिचकारी मारणाऱ्याला कोण धरणार? म्हणून हात जोडतो. बसा, टेका, गप्पा मारा, आणि उठताना आपली जागा हाताने झटकून जा.