त्याला सांग

आमच्या बेटावर शांतता विकत मिळते, हे मला इमोजेन येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. मी आपली जन्मभर फुकट भोगत होते.

इमोजेन म्हणजे वरच्या जुन्या शाळेत शिबिरं भरवणारी इंग्रज बाई. गावात पोरं उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली, तेव्हा हिने ती भाड्याने घेतली, चुना मारला, बाकं काढून गाद्या घातल्या, आणि आता दर उन्हाळ्यात तिथे माणसं आणून बसवते. आत्मा, शरीर आणि कला, सगळं एकाच सुट्टीत दुरुस्त. सकाळी श्वास घ्यायला शिकवतात. आजवर ती माणसं काय करत होती, देव जाणे. मग डाव्या हाताने चित्रं, दुपारी मातीचे गोळे, आणि संध्याकाळी ऑलिव्हच्या झाडाला मिठी. झाडं माझ्या धाकट्या भावाची, लाझारोसची. त्याने बुंध्याशी नुकतंच शेळ्यांचं खत घातलं होतं, तरी मिठ्या काही थांबल्या नाहीत. एक निवृत्त दंतवैद्य तर झाडाला कवटाळून रडायला लागला. लाझारोस मला म्हणाला, "विचार त्याला, झाड कुणाचं आहे हे तरी माहीत आहे का?" मी दंतवैद्याला इंग्रजीत म्हटलं, "तो म्हणतोय, झाड तुमचंच समजा."

हो, भाषांतर माझ्याकडे. तरुणपणी नवऱ्याबरोबर मेलबर्नला मासे तळत होते, तिथे इंग्रजी अंगाला चिकटलं. नवरा गेला, मी परत आले आणि धक्क्यावरचं मामाचं बंद पडलेलं कॉफीचं दुकान उघडलं. तेव्हापासून शिबिर आणि गाव यांच्यामध्ये मी. दोन्हीकडचं ऐकायचं आणि दोन्हीकडे खोटं सांगायचं. शिबिर इतकी वर्षं सुखात चाललंय ते त्यामुळेच.

मौनाचा आठवडा तर बघण्यासारखा. सगळ्यात शेवटी असतो तो. कुणी कुणाशी बोलायचं नाही, नुसतं बसायचं. पहिल्या वर्षी ही मंडळी अशी धक्क्यावर येऊन बसली, तेव्हा गावाला वाटलं, यांचं कुणीतरी गेलं. न बोलता तासन्‌तास समुद्राकडे बघत बसणारा माणूस आमच्याकडे एकच, ज्याच्या घरी मयत झालंय तो. पाद्र्याची बायको लगबगीने घरी गेली आणि मयतानंतर देतात तशी कडू कॉफी, ब्रँडी आणि कडक टोस्ट घेऊन आली. प्रत्येकाचा हात हातात घेऊन म्हणाली, "देव त्याला क्षमा करो." त्यांनी डोळ्यांत पाणी आणून ब्रँडी प्यायली. हल्ली शिबिराच्या जाहिरातीत हा प्राचीन विधी म्हणून छापतात, आणि ती बिचारी दर वर्षी बाटली घेऊन येते.

आता माझ्या घरचं मौन सांगते. मोठा स्टामातिस, धाकटा लाझारोस, मधली मी. दोघं रोज सकाळी माझ्या दुकानात येतात, दोन टेबलांवर एकमेकांकडे पाठ करून बसतात, आणि दहाएक वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. सगळा व्यवहार माझ्यामार्फत. "त्याला सांग, खुर्ची सरकव, पाय अडखळतो." "त्याला सांग, पाय बघून टाकत जा." दोघांच्या पाठींमध्ये अंतर किती, तर माझा ट्रे जाईल एवढं. ऐकू दोघांनाही येतं, बहिरं कुणी नाही. तरी मी आपली पोपटासारखी म्हणते, "लाझारोस, तो म्हणतोय..." त्यापेक्षा इंग्रजी बरं.

कारण एव्दोकिया. हे आमच्या आईचं नाव आणि वडिलांच्या लाकडी होडीचंही तेच. उत्तरेचा वारा सुटलेला असताना वडील एकदा एकटेच गेले. होडी परत मिळाली, वडील मिळाले नाहीत. पुढे त्याच होडीवर दोघं भाऊ मासेमारी करायचे. मग सरकारची योजना आली, की मासेमारीचा परवाना परत करा, होडी मोडू द्या आणि पैसे घ्या. परवाना मोठ्याच्या नावावर होता. त्याने लाझारोसला न विचारता सही करून टाकली. होडी धक्क्यावर ओढली आणि यंत्राने चिरडली. लाझारोस शेवटची फळी मोडेपर्यंत उभा राहिला, मग घरी गेला, आणि त्या दिवसापासून त्याच्या लेखी त्याला भाऊ नाही. सही का केलीस, हे स्टामातिसला मी शंभरदा विचारलं असेल. दर वेळी म्हणायचा, "कॉफी दे."

यंदा उन्हाळ्यात स्टामातिसच्या हृदयाची झडप खराब निघाली. पलीकडे मुख्य भूमीवर, पिरेअसच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं, सप्टेंबरात, गुरुवारच्या बोटीने निघायचं. डॉक्टर म्हणाले, वय बघता काही सांगता येत नाही. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. ऑपरेशनचं काय ते डॉक्टर बघतील. पण हा तिथेच गेला, आणि दोन भावांमधलं शेवटचं बोलणं म्हणून ‘त्याला सांग, मीठ सरकव’ एवढंच उरलं, तर मी आईला वर जाऊन काय तोंड दाखवू?

लाझारोसला म्हटलं, "गुरुवारच्या आत एकदा बोल त्याच्याशी."

"त्याला सांग, आधी त्याने बोलावं."

स्टामातिसला म्हटलं. तो म्हणाला, "त्याला सांग, मरायला मी चाललोय. मान माझा आहे."

त्यातच इमोजेनला माझ्या भावांचा शोध लागला. मौनाच्या आठवड्याची तयारी करत ती दुकानात बसली होती. बराच वेळ त्या दोन पाठींकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "कालिरोई, हे दोघं बोलतच नाहीत?"

"नाही."

"कधीपासून?"

सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "आणि आम्हाला एक आठवडा जड जातो," ती म्हणाली. "कारण काय?"

मी होडीची गोष्ट सांगितली, थोडक्यात आणि खरी. हीच चूक झाली. इमोजेनला खरं काही दिलं की ती ते घरी नेते आणि धुऊन, इस्त्री करून परत आणते.

दुसऱ्या दिवसापासून शिबिर माझ्या दुकानात. बारा-पंधरा माणसं भावांभोवती गोल करून बसायची, कुणी डोळे मिटून, कुणी डाव्या हाताने दोघांचं चित्र काढत. चित्रांत दोघंही शेळीसारखे दिसत होते, म्हणजे साम्य अगदीच नव्हतं असं नाही. पहिल्या दिवशी भाऊ वैतागले. स्टामातिस म्हणाला, "यांना सांग, मी काय माकड आहे?" मी सांगितलं, की तो म्हणतोय, या, बसा. दुसऱ्या दिवशी तो दाढी करून आला. तिसऱ्या दिवशी लाझारोसने ईस्टरचा शर्ट घातला. इमोजेनने चिठ्ठीवर लिहून दोघांना मौनाचे आचार्य म्हटलं, आणि ते भाषांतर करायचं मी टाळलं तरी दोघांना कळायचं ते कळलं. शिंगंच फुटली मेल्यांना. आता ‘त्याला सांग’ सुद्धा बंद. कॉफी हवी तर भुवई उडवायची. कुणाची पाठ जास्त ताठ, कुणाचं मौन जास्त खोल, यावर चढाओढ. जन्मात कधी कुणी ज्यांचं कौतुक केलं नाही, त्यांना एका भांडणासाठी टाळ्या मिळत होत्या. मग ते भांडण कोण मिटवणार?

मंगळवारी मी स्टामातिसला म्हटलं, "परवा निघायचंय. विसरलास का?" त्याने डोळे मिटले आणि नाकाने लांब श्वास घेतला, अगदी त्या दंतवैद्यासारखा. मला इतका राग आला की मी आत जाऊन उगाच सगळे कप पुन्हा धुतले. रागाच्या खाली भीती होती, ती धुऊन जात नव्हती.

बुधवारी संध्याकाळी शाळेच्या अंगणात समारोप होता. मंडळी गोल बसलेली, मधोमध दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवलेल्या, आणि त्यांवर आमचे आचार्य. मी बाजूला दुभाषी म्हणून उभी. मौन सुटलं होतं, त्यामुळे इमोजेन बोलायला मोकळी होती, आणि ती मोकळी झालीच.

"या दोन भावांची एक होडी होती," ती म्हणाली. "एके दिवशी दोघांना उमगलं, की समुद्राने आपल्याला पुरेसं दिलंय. मग त्यांनी हातात हात घालून ती होडी समुद्राला परत केली. दोघांच्या इच्छेने, प्रेमाने. त्यानंतर त्यांना शब्दांची गरजच उरली नाही."

मंडळींनी छातीवर हात ठेवले. मी नेहमीसारखं गुंडाळणार होते, की बाई म्हणतेय आभारी आहे, अंजीर गोड होते. तोंडही उघडलं. समोर स्टामातिस कडक इस्त्रीच्या शर्टात बसला होता आणि त्याचे ओठ निळसर दिसत होते. धक्क्यावरून एवढ्या पायऱ्या चढून आला होता ना. आणि उद्या बोट. मग मी इमोजेनचं बोलणं शब्द न्‌ शब्द आमच्या भाषेत सांगितलं. हातात हात, दोघांच्या इच्छेने, प्रेमाने, सगळं. एवढं प्रामाणिक काम मी शिबिरासाठी कधीच केलं नव्हतं.

लाझारोसने मान वळवली.

"हातात हात घालून?" लाझारोसने मला विचारलं.

"बाई तसं म्हणतेय."

"तिला सांग..." तो म्हणाला आणि थांबला. मग उठला, खुर्चीला वळसा घालून स्टामातिससमोर जाऊन उभा राहिला. "हातात हात? चोरून सही केलीस तू. मला कळलं कधी, तर यंत्र धक्क्यावर उतरलं तेव्हा. आईच्या नावाची होडी कोंबडीच्या हाडांसारखी मोडलीस."

"मोडली," स्टामातिस म्हणाला. "पुन्हा मोडेन."

"पैशासाठी?"

"पैशाला लाव आग. मला तेव्हाच दम लागायला लागला होता. मी घरी बसलो असतो आणि तू एकटा गेला असतास. वारा असो, नसो. तुझं डोकं मला माहीत नाही? होडी आली असती परत, बापाच्या वेळी आली तशी. तू लहान होतास, तुला काय माहीत. ती होडी धुतली कुणी? मी धुतली. त्याचे जोडे आतच होते. पुन्हा धुवायची नव्हती मला ती, कळलं?"

मलाही ते माहीत नव्हतं. आम्ही सगळे त्याच घरात राहत होतो आणि जोड्यांचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

लाझारोसचा आवाज खाली आला. "मग हे तेव्हा का नाही बोललास?"

"तू बोलत होतास का?"

"मी बोलत नव्हतो, कारण तू सांगितलं नाहीस."

"मी मोठा आहे, गाढवा. मी का सांगू?"

आणि मग जे सुटले, ते काही विचारू नका. आईचं तांब्याचं पातेलं कुणी ढापलं, कुणाच्या शेळीने कुणाची द्राक्षं खाल्ली, बापाच्या वर्षश्राद्धाला कोण पिऊन आलं होतं, दहा वर्षांचं सगळं साठलेलं. एकमेकांच्या नाकासमोर हात नाचवत होते. गोल मोडला. दंतवैद्याने कानांवर हात ठेवले. एका बाईने मेणबत्ती विझवली, आग लागेल या भीतीने असावी.

इमोजेनने माझा दंड धरला. "कालिरोई, काय चाललंय? काय म्हणतायत ते?"

"तुमचे आभार मानतायत," मी म्हटलं, आणि शाळेच्या पायरीवर बसून ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडले. इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दुकान उघडते तोच इमोजेन दारात. मला वाटलं, भरपाई मागायला आली. पण तिचा चेहरा उजळलेला. म्हणाली, मंडळी हेलावून गेली आहेत, असा अनुभव कुणालाच कुठे आला नव्हता. पुढच्या वर्षी मौनाबरोबर भांडणाचाही आठवडा ठेवायचा तिचा विचार होता. "तुझे भाऊ येतील ना शिकवायला?"

"मोठा वाचला तर येईल," मी म्हटलं. हे मी नेहमीसारखं फिरवून सांगितलं नाही, आणि ती पहिल्यांदाच काही न बोलता परत गेली.

दुपारी धक्क्यावर मी स्टामातिसबरोबर उभी होते, माझी आणि त्याची पिशवी घेऊन. इस्पितळात घरचं कुणीतरी लागतंच, नाहीतर रात्री पाणी कोण देणार? बोट वळसा घेत होती, तेवढ्यात लाझारोस आला. ईस्टरचा शर्ट, हातात बॅग. माझ्या पुढ्यात येऊन म्हणाला, "तू दुकान बघ. मी जातो याच्याबरोबर. पातेल्याचा विषय अर्धा राहिलाय."

मी स्टामातिसची पिशवी स्टामातिसच्याच हातात दिली आणि बाजूला झाले.

बोट लागली, चढायची फळी खाली आली, दोर ताणले गेले. लाझारोस बेफिकिरीने पुढे निघाला. स्टामातिस सवयीने माझ्याकडे वळला. "त्याला सांग, दोर बघून पाय टाक."

"मी काही सांगणार नाही," मी म्हटलं. "मला दुकान आहे."

वरून खलाशी हाका मारत होता, चला, चला. स्टामातिस फळीच्या तोंडाशी उभा राहिला, पिशवी छातीशी धरून. त्याने घसा खाकरला.

"लाझारोस," तो म्हणाला. "दोर बघ."

लाझारोस थांबला. मागे वळला, परत खाली आला.

"दिसतोय मला दोर," तो म्हणाला आणि त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली.