दोन दारांची गाडी

दोन हजार तेवीस साल, वैशाख महिना. आर्णीच्या नीळकंठरावांच्या अनिकेतचं लग्न पुसदच्या प्रेरणाशी ठरलं होतं. नवरदेवामागे पाण्याचा करा घेऊन बसणारी करवली कोण, यावरून घरात कुजबुज चालली होती.

हक्काने ती जागा गौरीची. अनिकेतची सख्खी, एकुलती एक मोठी बहीण. पण गौरी मारेगावच्या सासरहून काडीमोड घेऊन परत आली होती. आल्यापासून ती घरातली कामं सगळी करायची, बोलायची मोजकं आणि रडायची मुळीच नाही. भिंतीपलीकडे कोणी बोलावं, तसं तिला लोकांचं बोलणं ऐकू यायचं. "सासर सोडून आलेली करवली कायले? चांगलं दिसते का?" असं बायका म्हणायच्या. आई, विमलताई, त्यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत.

अनिकेतने मात्र पुण्याहून फोन केला. "ताई, करवली तूच. कोणी काही बोललं तर मी पाहून घेईन."

घरी आल्यापासून गौरीने वाट पाहिली असेल, तर या एकाच गोष्टीची. तिने जांभळी साडी काढली आणि तिला फॉल लावून आणला.

अनिकेत पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात होता. वरातीची गाडी नागपूरहून भाड्याने आणायची हे त्याने आधीच ठरवलं होतं. सुट्टीवर आला तेव्हा त्याने मोबाईलवर दोन फोटो दाखवले. एक काळी, चार दारांची, दमदार गाडी. दुसरी पिवळी, दोन दारांची, जमिनीला चिकटून बसलेली.

नीळकंठरावांनी चष्मा वर सरकवला. "इचं भाडं दुप्पट? अन् दारं तं दोन कमी!"

"बाबा, ती स्पोर्ट्स कार आहे."

"मंग इंजिन भारी असन."

"इंजिन तेच. गिअर तेच, ब्रेकही जवळपास तेच. दोन्ही एकाच कंपनीच्या."

"मंग जास्तीचे पैसे कायचे? दारं काढ्याची मजुरी?"

सगळे हसले. अनिकेत मात्र मांडी घालून समजवायला बसला. काळी गाडी लाखांनी खपते, तेव्हा तिच्या पत्र्याच्या साच्यांचा खर्च लाख गाड्यांवर वाटला जातो. पिवळी थोडीच बनते. साचे तिलाही लागतात, ढाचा वेगळा, चाचण्या वेगळ्या, आणि तो सगळा खर्च थोड्या गाड्यांवर पडतो. "आणि ती कोणी गरज म्हणून घेत नाही, बाबा. हौस म्हणून घेतात. हौसेला घासाघीस नसते."

कोकिळाआत्या, नीळकंठरावांची थोरली बहीण, कोपऱ्यात तुरीची डाळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "यात नवल काय हाय बाप्पा? आपल्या बाबाची बैलाची दमणी आठवते का रे नीळकंठ? बंडी अन् दमणी एकाच सुताराची, सागवान एकच. बंडीत कापूस जाये, पोते जात, अर्धं गाव जत्रेले जाये. दमणीत तीन माणसं दाटीनं बसत. तरी दमणी महाग. सुतार म्हणे, बंड्या मी डोळे मिटून करतो, दमणीले गिऱ्हाईक कधीतरीच येते, मंग माहा भाव कोणाजवळून काढू? अन् बाबाले विचारलं कायले घेतली, तं म्हणे, लोकं पाह्यते म्हून."

"बस, आत्या, तेच!" अनिकेत म्हणाला.

पिवळी ठरली. फोटो समोरून काढलेला होता. आत किती माणसं बसतात हे घरात कोणी विचारलं नाही. ज्याला माहीत होतं, तो गाडीच्या नादात करवली विसरला.

लग्नाच्या दिवशी पुसदला मारुतीच्या देवळातून वरात निघायची होती. बँड लागला. पिवळी गाडी आली तशी पोरं मोबाईल घेऊन धावली. ड्रायव्हर आपल्या जागी बसलेलाच होता. अनिकेत मुंडावळ्या सावरत दुसऱ्या बाजूने आत बसला. गौरी करा घेऊन दाराशी आली, वाकली आणि तशीच थांबली.

"मागं सीट कुठंय, भाऊ?"

"इले मागं सीट नसते, ताई," ड्रायव्हर म्हणाला.

मामा, म्हणजे विमलताईंचे भाऊ रामराव, पुढे आले. "अन्या, उतर. माही गाडी उभी हाय तिथं. तू अन् गौरी मागं बसा."

सगळे अनिकेतकडे पाहू लागले. त्याने मामांच्या गाडीकडे पाहिलं. मातीने माखलेली, काचेला भेग गेलेली. मग त्याने वर पाहिलं, तिथे शूटिंगचा ड्रोन घुमत होता.

"ताई, तू मामाच्या गाडीत ये ना," तो म्हणाला. "हॉल इथंच तर आहे."

विमलताईंनी गौरीच्या हातातून करा घेतला. फार लवकर घेतला. रामरावांची चिमुरडी नात सुरभी जवळच होती. तिला अनिकेतच्या मांडीवर बसवलं आणि करा तिच्या हातात दिला.

"वा रे नवरदेवा!" आत्या ओरडल्या. "भाड्याच्या डब्यापाई बहीण रस्त्यावर!" पण तेवढ्यात बँडने नवं गाणं धरलं.

कऱ्यातलं पाणी गौरीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं. तिने ते पुसलं नाही. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटलं. काही झालं नाही. ती मामांच्या गाडीत बसली आणि सरकून आत्यांना जागा करून दिली.

हॉलच्या दारात प्रेरणाच्या आईने विचारलं, "करवली कोण?" सुरभीचे इवलेसे पाय धुतले गेले, तिची ओटी भरली, करवलीची साडी तिच्या दोन्ही हातांवर ठेवली. गौरीने तिच्या हातून साडी सांभाळायला घेतली, कारण पोरीला ती पेलवत नव्हती.

पुढच्या पौषात कोकिळाआत्या गेल्या. तोवर त्या अनिकेतशी बोलल्या नाहीत. नीळकंठराव आता काठी घेऊन चालतात. विमलताई कोणी विषय काढला की म्हणतात, "झालं ना सगळं नीट." रामराव आर्णीला येतात, जेवतात आणि संध्याकाळच्या आत परततात. सुरभी शाळेत सांगते की ती करवली होती. अनिकेत पुण्यालाच आहे, त्याला मुलगी झाली. त्याने तो विषय कधी काढला नाही. दर भाऊबीजेला तो येतो आणि गौरी त्याला ओवाळते.

गौरी यवतमाळला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायच्या कामाला लागली, तिथेच खोली घेऊन राहते. बाळंतपणाला माहेरी आली असताना प्रेरणाने लग्नाचा व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि मग नणंदेला फोन केला.

"ताई, वरातीत तुम्ही कुठेच दिसत नाही. नंतर कळलं मला. त्या दिवशी फार वाईट वाटलं का हो तुम्हाला?"

गौरीने खरोखर आठवून पाहिलं. ती म्हणाली, "तवा नाही वाटलं."