हसले की खिळा पक्का

आमच्या मालकाला पोखर्णीच्या जत्रंत सारे वळखायचे. दत्तराव पाटीवाले. लाकडाची पाटी, तिच्यावर खिळे. दांडी वढून गोटी सोडली की ती खिळ्यांना धडकत खाली येती अन् एखाद्या घरात पडती. दरसाल नवी पाटी. एका साली पाटीवर विहीर, दुसऱ्या साली गंगाखेडचा घाट, मंग साखर कारखाना. नामांतराच्या गडबडीत यष्ट्या बंद हुत्या, तव्हा बी माणसं पायी आली, औंदा काय केलं दत्तरावनं म्हणून. पालमचा बन्सीधर पाटी बगून जायचा अन् तशीच करून गावोगाव मांडायचा. मला लय राग यायचा. ह्यांना न्हाई. म्हणायचे, खेळ हिंडायला पायजे.

खिळे ठोकायची तऱ्हा मात्र ह्यांचीच. आदी खिळे नुसते टोचायचे, मंग मला खेळायला बसवायचे. हरल्यावर मी चिडले, तर खिळा सरकवायचे. हरून बी हसले, तरच पक्का ठोकायचे. माझी सारी कामं पडलेली, अन् ह्यांचं आपलं, बस की जरा. मी शिव्या द्यायचे अन् बसायचे.

मंग एका साली ह्यांच्या पोटात गाठ निघाली. परभणीच्या डाक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, जत्रा बगत्याल का न्हाई, सांगता येत न्हाई. मी ह्यांना म्हणलं, नुसती सूज हाय. पाटी तरी सुखानं पुरी होऊ दे, एवढंच माझ्या मनात.

पण खेळायला बसले की मला हसूच येईना. हे खिळा सरकवायचे, परत बसवायचे. घाम निघायचा, तरी म्हणायचे पाटीच चुकली. चांगली पाटी माझ्यापायी बिघडवायलेत, हे बगून माझं काळीज तुटायचं. जत्रा जवळ आली. मंग एका दुपारी गोटी खाली पडली अन् मी उगंच मोठ्यानं हसले.

ह्यांनी हातोडी उचलली न्हाई. माझ्या तोंडाकडं बगत ऱ्हायले.

"डाक्टर काय म्हणला?"

मी पदर तोंडाला लावून रडले. ह्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, अन् पाटी माझ्यापुढून वढून घेतली.

"बन्सीधरला निरोप धाड. ही त्याला दे. त्याच्या बायकूला खेळायला बसीव म्हणावं. तुला आता हसू यायचं न्हाई."