जबड्यापासून सुरुवात

एका सकाळी दाढी करताना मला आईची हनुवटी आठवेना. डोळे आठवत होते, कपाळ आठवत होतं, त्याखाली नुसतं धुकं. आईला जाऊन दोनच वर्षं झाली होती. फोटो बघावेत, तर प्रत्येक फोटोत तिचा हात तोंडावर. मी जाम घाबरलो. चेहरा पुरता विसरायच्या आत आईचा पुतळा करायचा, असं त्या भीतीपोटीच ठरवून टाकलं.

"तुला साधी मांजर काढता येत नाही," बायको म्हणाली. "परवा मुलीच्या वहीत काढलीस, ती तिच्या बाईंना खुर्ची वाटली."

खोटं नव्हतं. मी कवळ्या करतो. डॉक्टरांकडून जबड्यांची मापं येतात, मी प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो. जबड्याच्या वरचा माणूस माझ्या वाट्याला कधी येतच नाही.

माती आणली, फळी आणली आणि तीन दिवस त्यांच्याकडे बघत बसलो. कपाळापासून करायचं की मानेपासून? पुस्तकात लिहिलं होतं, आधी अंड्याचा आकार करा. केला. ते अंडंच राहिलं.

शेवटी धंदा कामी आला. मी केलेली पहिलीच कवळी आईची होती, आणि तिच्या जबड्याचा साचा कामाच्या खोलीतल्या फडताळात अजून पडून होता. त्यावर दात बसवले आणि दातांभोवती माती लिंपत गेलो. गाल आले, नाकासारखं काहीतरी आलं. पण इतके सुरेख बसलेले दात झाकायला हात धजेना. त्यामुळे आई खदखदून हसत होती. आई! मी या धंद्यात पडल्यापासून जिने माझ्यासमोर तोंड आवळलं, ते शेवटपर्यंत. मुलाने दुसऱ्यांचे दात घडवत बसावं हे तिला रुचलं नव्हतं, असं मी धरून चाललो होतो. विचारलं मात्र कधीच नाही.

"ही कोण?" मुलीने विचारलं. काय सांगणार, कप्पाळ!

मग मावशीला बोलावलं. आईची धाकटी बहीण. शेवटची दहा वर्षं दोघी एकाच खोलीत राहिल्या. तिने चष्मा पुसला, पुतळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"नाक जाड झालंय. आणि तोंड मिट रे तिचं. माशी जाईल."

मी ओठ ओढून दातांवर आणले. खालचा पुरेना, म्हणून ताणला, दाबला. त्याबरोबर हनुवटी आपोआप आवळली गेली. मी हात मागे घेतला, तर समोर आई. इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

"अजून रागावलेलीच आहे माझ्यावर," मी नाक पुसत म्हणालो.

"रागावलेली?" मावशी माझ्याकडे बघतच राहिली. "अरे, ती कवळी टोचायची तिला. 'पोराने पहिल्यांदा केलीय, त्याला सांगू नकोस,' म्हणायची."

हाताला चिखल, समोर ते आवळलेलं तोंड. मातीच्या आत ते दात अजून होते. काढले तर ओठ आत बसणार, आणि एवढ्या खटाटोपाने सापडलेला चेहरा पुन्हा जाणार.

"मावशी," मी विचारलं, "काढू का गं?"